एक ऑगस्ट : एक तारीख, दोन तसबिरी

दिनविशेषाच्या व्याख्यानात नेहमीची अडचण असते. जन्म, मृत्यू, लढाया, शोध असं सगळं एका दोरीत ओवायचं आणि हार झाला म्हणायचं. एक ऑगस्टचीच यादी बघा. १७७४ साली याच दिवशी जोसेफ प्रिस्टली यांनी एक वायू वेगळा केला, त्यालाच पुढे ऑक्सिजन म्हणू लागले. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा लागू झाला. १९१४ साली जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. आपल्याकडे महसुली वर्ष याच तारखेला सुरू होतं, म्हणून तलाठी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत महसूल दिन साजरा होतो. या चार गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? काहीही नाही. तारीख हा निव्वळ योगायोग असतो, हे आधी मान्य करू.

पण आपल्या महाराष्ट्रात एक ऑगस्टला दोन तसबिरींना हार घातले जातात. एक लोकमान्य टिळकांची, पुण्यतिथी म्हणून. दुसरी अण्णाभाऊ साठेंची, जयंती म्हणून. आणि दोन्हींचं सालही एकच आहे, १९२०. बऱ्याच ठिकाणी एका तसबिरीसमोर गर्दी असते, तर दुसरी नुसती उपचारापुरती. कुठे वाद होतो, आधी कोणाचं नाव घ्यायचं? म्हणून आज आपण एवढंच पाहू, की या दोन माणसांना जोडणारं तारखेखेरीज काही आहे का.

त्या दिवशी काय झालं? मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर टिळकांनी देह ठेवला. वय ६४. दिवस उजाडला तसा मुंबईच्या रस्त्यांवर जनसागर लोटला. अंत्ययात्रेत गांधीजी होते. अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न होता गिरगाव चौपाटीवर झाले. आणि असहकाराची चळवळ सुरू करण्यासाठी गांधीजींनी हीच तारीख आधी ठरवलेली होती. त्याच दिवशी त्यांनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक परत केलं. म्हणजे एका नेतृत्वाचा शेवट आणि दुसऱ्याच्या चळवळीचा आरंभ एका दिवसात झाला.

तिकडे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, आजच्या सांगलीतल्या वाळवे तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठे यांना मुलगा झाला. नाव तुकाराम. हेच पुढचे अण्णाभाऊ. त्या मुलाचं आणि चौपाटीवरच्या गर्दीचं जग एक होतं का? नव्हतं. त्याच १९२० च्या जानेवारीत बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली, तिला शाहू महाराज स्वतः हजर राहिले. स्वराज्य कोणाचं, हा प्रश्न त्या वर्षी उघडपणे विचारला जात होता. ही दरी आपण झाकायची नाही. दोन्ही तसबिरी शेजारी ठेवल्या म्हणून ती बुजत नाही.

मग दुवा कुठे सापडतो? तो गिरणगावात सापडतो.

थोडं मागे, १९०८ सालात जाऊ. २२ जुलैला टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद केलं, ते सहा दिवस. शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस! पोलीस आले, लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. पगारवाढीची मागणी नाही, बोनस नाही. एका नेत्याच्या शिक्षेसाठी हा संप होता. लेनिन यांनीही आपल्या लेखात या संपाची दखल घेतली. मुंबईच्या कामगाराला आपली ताकद कळली, त्या घटनांपैकी ही एक मोठी घटना.

आता बघा, वाटेगावचा तुकाराम पोटासाठी आईवडिलांबरोबर पायी निघाला, तो याच मुंबईत आला. पडेल ते काम केलं, गिरणीतही राबला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिला. शाळा जेमतेम दीड दिवसाची म्हणतात. अक्षर ओळखला तो मुंबईत, आणि राजकारण शिकला तेही तिथल्याच कामगार चळवळीत. त्या चळवळीतले एक पुढारी श्रीपाद अमृत डांगे हे स्वतः टिळकांना मानत तरुण झालेले आणि असहकाराच्या काळात राजकारणात उतरलेले. १९०८ चा संप, १९२० ची चळवळ आणि पुढचा लाल बावटा यांच्यामध्ये अशी जिवंत माणसं उभी आहेत.

दुसरा दुवा मंचाचा. टिळकांनी गणपती आणि शिवजयंती चौकात आणली. लोक जमतील तिथेच राजकारण बोलायचं, ही त्यातली समज. अण्णाभाऊंनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा त्यांनीही तेच ओळखलं. पण त्यांनी एक बदल केला. तमाशा गणेशाच्या वंदनाने सुरू होतो. अण्णाभाऊंच्या गणात गणपतीच्या जागी मातृभूमी आली, शिवराय आले. चौक तोच, शिवाजीही तोच. देवाची जागा मात्र बदलली. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ घराघरात गेली. आणि १८ जुलै १९६९ ला, वयाच्या ४८ व्या वर्षी, गोरेगावात हा माणूस गरिबीत गेला. त्याच्यामागे चौपाटीवरची गर्दी नव्हती.

तेव्हा, आधी कोणाला हार घालायचा, हा प्रश्न आम्हाला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. १९०८ मध्ये टिळकांसाठी रस्त्यावर उतरून गोळ्या खाल्लेल्या कामगारांची नावं किती जणांना सांगता येतील? त्यांची जयंती नाही, पुण्यतिथी नाही, दिनविशेषात ओळही नाही. टिळकांना त्यांनी बळ दिलं. अण्णाभाऊ त्यांच्यातूनच आले, आणि त्यांनी अशाच बिननावाच्या माणसांना पुस्तकात नाव दिलं. यंदा एक ऑगस्टला दोन तसबिरींसमोर उभे राहाल, तेव्हा मधल्या रिकाम्या जागेकडेही बघा. ती जागा त्यांची आहे.