डिकीत राहिलेली केबल

डिसेंबर 2013 मध्ये नेदरलँड्समध्ये सर्वात जास्त खपलेली गाडी फोक्सवॅगनची नव्हती, रेनोचीही नव्हती. ती होती मित्सुबिशीची आउटलँडर पीएचईव्ही, म्हणजे प्लग-इन हायब्रिड. पाच माणसांचे कुटुंब सामानासकट सहज मावेल अशी ऐसपैस एसयूव्ही, पुढे पेट्रोलचे इंजिन, पोटात बॅटरी आणि बाजूला चार्जिंगचा प्लग. सायकलींच्या त्या चिमुकल्या देशात एका महिन्यात अशा जवळपास पाच हजार गाड्या रस्त्यावर आल्या.

पर्यावरणाचे प्रेम एका रात्रीत उफाळून आले म्हणून हे झाले नाही. कंपनीने दिलेली गाडी घरच्या कामाला वापरली, तर तिच्या किमतीचा ठरावीक हिस्सा डच नोकरदाराच्या करपात्र उत्पन्नात धरला जातो. सर्वसाधारण गाडीला तेव्हा हा हिस्सा 25 टक्के होता. किलोमीटरमागे 50 ग्रॅमपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाडीला मात्र तो शून्य होता. अट एकच. नोंदणी 2013 संपण्याआधी झाली पाहिजे. मग पाच वर्षे सूट कायम. आउटलँडरचा अधिकृत आकडा होता 44 ग्रॅम.

हा आकडा आला कुठून, हे समजून घेतल्याशिवाय पेट्रोल की प्लग-इन हायब्रिड या निवडीचा इतिहास कळत नाही. युरोपातल्या तेव्हाच्या चाचणीत गाडी आधी भरलेल्या बॅटरीवर चालवत, नंतर उतरलेल्या बॅटरीवर, आणि दोन्हींचा मेळ घालत. तो मेळ घालताना एक गोष्ट गृहीत धरलेली असे: बॅटरी संपल्यावर माणूस फक्त 25 किलोमीटर पेट्रोलवर जाईल आणि पुन्हा गाडी चार्जिंगला लावेल. आउटलँडर विजेवर 52 किलोमीटर जात होती. म्हणजे 77 किलोमीटरच्या फेरीत पेट्रोल जळणार फक्त 25 किलोमीटरसाठी. कागदावरचे ॲव्हरेज निघाले लिटरला 52 किलोमीटरच्या वर. गणितात चूक काहीच नव्हती. सगळी मदार होती ती माणूस रोज न चुकता प्लग लावेल या विश्वासावर.

एका गाडीत दोन शक्ती जुंपण्याची खटपट मोटारीच्या जन्माइतकीच जुनी आहे. 1900 साली अमेरिकेत बनलेल्या मोटारींत वाफेवरच्या आणि विजेवरच्या गाड्यांची संख्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त होती. त्याच सुमारास व्हिएन्नात लोनर यांच्या घोडागाड्यांच्या कारखान्यात पंचविशीतला एक तरुण चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटारी बसवत होता. त्याचे नाव फर्डिनांड पोर्शे. शिशाच्या बॅटरीचे ओझे आणि तिचा तोकडा पल्ला पाहून त्याने गाडीतच पेट्रोलचे इंजिन ठेवले आणि त्यावर जनित्र फिरवून वीज तयार केली. त्या गाडीला त्याने लॅटिन नाव दिले, ‘सेंपर विवुस’. अर्थ: सदा जिवंत. बॅटरी संपून वाटेत अडकण्याची भीती तेव्हापासूनची आहे आणि तिच्यावरचा उपायही तेव्हापासूनचाच.

मग हा उपाय शंभर वर्षे अडगळीत का गेला? एक कारण अगदी लहान यंत्राचे. पेट्रोलची गाडी सुरू करायला समोर उभे राहून लोखंडी हँडल ताकदीने फिरवावे लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. त्यामुळे शहरातल्या अनेक स्त्रियांची पसंती विजेच्या गाडीला होती. खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. 1912 मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडल गेले. फोर्डची मॉडेल टी वर्षागणिक स्वस्त होत होतीच. 1916 च्या सुमारास शिकागोच्या वुड्स कंपनीने ‘ड्युअल पॉवर’ नावाची गाडी काढली. सावकाश चालवताना वीज, वेग वाढला की पेट्रोल. किंमत अडीच हजार डॉलरच्या वर. इतक्या पैशांत मॉडेल टी कितीतरी येत. दोन-तीन वर्षांत कंपनीचा खेळ आटोपला.

त्यानंतर पेट्रोल स्वस्त होते तोवर या कल्पनेची कोणाला गरज भासली नाही. सत्तरच्या दशकात व्हिक्टर वोक या विद्युत अभियंत्याने, कादंबरीकार हर्मन वोक यांच्या भावाने, 1972 ची ब्यूक स्कायलार्क घेतली आणि सहकारी चार्ली रोझन यांच्यासह तिची हायब्रिड गाडी केली. पेट्रोल निम्म्यावर आले, धूरही घटला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1974 मध्ये तिच्या चाचण्या घेतल्या आणि प्रकल्प नाकारला. तेलसंकटाच्या काळातला हा निर्णय. या साऱ्या इतिहासातली सर्वात महाग चूक कोणती, असे विचारले तर बोट इथेच ठेवावे लागते.

पुढचा मान जपानकडे गेला. डिसेंबर 1997 मध्ये टोयोटाची प्रियस बाजारात आली. तिची बॅटरी ब्रेकच्या आणि इंजिनाच्या शक्तीवर भरायची. भिंतीतल्या प्लगशी तिचा संबंध नव्हता. तो जोडला 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘कॅलकार्स’ या हौशी गटाने. त्यांनी प्रियसच्या मागच्या भागात शिशाच्या बॅटऱ्या कोंबल्या आणि घरच्या विजेवर त्या चार्ज करून दाखवल्या. चार वर्षांत चीनच्या बीवायडीने प्लग-इन गाडी कारखान्यातून काढली, 2010 च्या अखेरीस शेव्हरोले व्होल्ट आली आणि 2013 च्या आरंभी जपानमध्ये आउटलँडर. तोवरच्या या गाड्या लहान किंवा मध्यम सेडानच्या वळणाच्या होत्या. कुटुंबाच्या एसयूव्हीपर्यंत हे तंत्र खऱ्या अर्थाने पोचवले ते आउटलँडरने. बॅटरीतल्या दोषामुळे काही महिने उत्पादन थांबले, ते ऑगस्टमध्ये पूर्ववत झाले आणि वर्ष संपताना डच ग्राहकांची झुंबड उडाली.

ब्रिटनमध्ये 2014 साली तीच गाडी सरकारच्या 5,000 पौंडांच्या अनुदानामुळे डिझेल आउटलँडरच्याच किमतीला मिळू लागली. तेवढ्याच पैशांत डिझेल घ्यायचे की प्लग? हजारो कुटुंबांनी आणि कंपन्यांनी प्लग घेतला. 2018 मध्ये द माइल्स कन्सल्टन्सी या संस्थेने कंपन्यांच्या ताफ्यातल्या सुमारे 1,500 प्लग-इन गाड्यांच्या इंधनाचा हिशेब काढला. कागदावरचे सरासरी ॲव्हरेज लिटरला सुमारे 46 किलोमीटर, प्रत्यक्षातले सुमारे 14. काही गाड्या परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल डिकीत प्लॅस्टिकच्या वेष्टनात जशीच्या तशी होती. त्याच वर्षी ब्रिटनने या गाड्यांचे अनुदान बंद केले. नेदरलँड्सने तर 2017 पर्यंत प्लग-इन आणि पेट्रोल गाडीला एकाच करपट्टीत आणून बसवले.

दोष यंत्राचा नव्हता. पेट्रोलचे बिल कंपनी भरते, घरची वीज मात्र स्वतःच्या खिशातून जाते. मग प्लग लावायचा कोणी? सवलत गाडी घेण्यावर दिली, चार्ज करण्यावर दिली नाही, ही धोरणाची चूक. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांतून गोळा केलेली माहिती प्रसिद्ध केली. तिच्यातही प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघाले.

या इतिहासात पुण्याचेही एक पान आहे आणि ते विसरले जाऊ नये. 2010 साली केपीआयटी कमिन्स या तिथल्या कंपनीने भारत फोर्जच्या साथीने ‘रेव्होलो’ जगापुढे आणले. चालू पेट्रोल किंवा डिझेल गाडीलाच मोटार आणि बॅटऱ्या बसवून तिची प्लग-इन हायब्रिड करायची, रात्री घरच्या विजेवर भरायची. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या देशाला साजेसा हा विचार होता. जुन्या गाड्यांना असे संच बसवण्याचे केंद्राचे नियम मात्र 2016 मध्ये आले. रेव्होलो घरोघरच्या गाड्यांत पोचले नाही. केपीआयटीचे विजेच्या गाड्यांवरचे काम पुढे बसकडे वळले आणि डिसेंबर 2015 मध्ये तिने तयार केलेली विजेची बस संसदेच्या आवारात लोकसभाध्यक्ष सुमित्रा महाजन यांच्याकडे सोपवली गेली.

त्यानंतर भारतात प्लग-इन एसयूव्ही आली ती श्रीमंतांच्या दारात. 2016 मधल्या व्होल्व्हो एक्ससी 90 टी 8 ची किंमत सव्वा कोटी रुपये होती. 2017 च्या जीएसटीने मोठ्या हायब्रिड गाड्यांवर अधिभारासह 43 टक्के कर बसवला. 2019 पासून पूर्ण विजेच्या गाड्यांना तो फक्त 5 टक्के झाला. प्लग असूनही प्लग-इनची गणना विजेच्या गाडीत झाली नाही.

पोर्शेपासून पुण्यापर्यंतचा हा प्रवास पाहिल्यावर गाडी निवडणाऱ्या कुटुंबाने शोरूमच्या आधी स्वतःचे पार्किंग पाहावे. तिथे आपल्या मीटरवरचा प्लग आहे का? ऑफिस, शाळा, बाजार हा रोजचा फेरा चाळीसेक किलोमीटरांत आटोपतो का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर प्लग-इन घ्यावी; आठवडाभर ती विजेवर धावेल आणि गावी जाताना पेट्रोल हाताशी राहील. सोसायटीत प्लगची सोय नसेल, किंवा गाडी बहुतेक हायवेवरच पळणार असेल, तर साधी पेट्रोल एसयूव्ही घ्यावी. ती हलकी आहे, स्वस्तही आहे, आणि न भरलेली बॅटरी ओढत नेण्यात तिचे पेट्रोल जळत नाही.