नागोबाची वाट आणि संगणकातला गुडघा

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूर आहे. पौष अमावास्येला तिथे नागोबाची जत्रा सुरू होते. त्याआधी मेस्राम कुळातले गोंड अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. लईराईचे धोंड पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मला मात्र हल्ली या वाटचालीतला गुडघाच आधी आठवतो!

हा सांधा मोजायला माणसाने फार उशीर केला. वेबर बंधूंचा चालण्यावरचा जर्मन ग्रंथ १८३६ चा. लाइपझिगच्या ब्राउने आणि फिशर यांनी १८९१ मध्ये गुडघ्याच्या हालचालींचा अभ्यास छापला. १८९५ मध्ये रोंटगेनला क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाची हाडं दिसू लागली. कूर्चा मात्र दिसेना. ती नीट दिसली एमआरआयमुळे, म्हणजे १९७३ मध्ये लॉटरबरने या तंत्राची पहिली प्रतिमा छापल्यानंतर.

त्या प्रतिमा म्हणजे गुडघ्याच्या पातळ चकत्याच. प्रत्येक चकतीवर मांडीचं हाड, नळी, वाटी, कूर्चा, अस्थिबंध यांच्या कडा आखायच्या (चिकाटीचं काम!), त्या एकावर एक रचून घनाकृती करायची, तिचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला ताठपणाचे आकडे द्यायचे. मग संगणकात भार टाकला की कुठे किती दाब येतो ते कळतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अहमेट एर्देमिर यांनी असा 'ओपन नी' केला आणि सर्वांना फुकट खुला केला. हे मला फार मोलाचं वाटतं. त्याचा पहिला नमुना एका सत्तर वर्षांच्या मृत स्त्रीचा उजवा गुडघा होता.

इथेच माझी खरी शंका आहे. चालताना गुडघा साठेक अंश वाकतो. उकिडवं बसताना एकशेतीसच्याही पुढे जातो. एमआरआयच्या अरुंद बोगद्यात माणूस आडवा, पाय जवळजवळ सरळ. पूर्ण वाकलेल्या गुडघ्याची प्रतिमा त्यात घेणं कठीण, म्हणून त्या स्थितीचं गणित बरंचसं अंदाजावर चालतं. शिवाय खुर्चीवर वाढलेला गुडघा आणि कापसाच्या रानात, चुलीपुढे किंवा आमच्याकडे आदोळीवर आयुष्य काढलेला गुडघा एकसारखाच झिजतो, असं कोणी मोजून ठरवलंय?

पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांसाठी 'इंडस' हा कृत्रिम गुडघा घडवला, तो याच गरजेतून. आदिलाबादेतही २००८ पासून रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. केसलापूरच्या वाटेवरचे गुडघे मोजायचे तर पुण्याला किंवा क्लीव्हलँडला जाण्याची गरज पडू नये.