रॉजर्स, कार्ल रॅन्सम

(८ जानेवारी १९०२–४ फेब्रुवारी १९८७). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व मानसोपचारक. इलिनॉय राज्यातील ओक पार्क येथे एका कर्मठ प्रॉटेस्टंट कुटुंबात जन्म. विस्कॉन्सिन विद्यापीठात कृषिशास्त्रासाठी दाखल झालेल्या रॉजर्सने, १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेनिमित्त चीनचा प्रवास घडल्यावर घरच्या धर्ममतांपासून फारकत घेतली आणि दोन वर्षांच्या धर्मशिक्षणानंतर कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राची वाट धरली. रॉचेस्टर येथे बालकांच्या समस्या हाताळताना १२ वर्षांत त्याला प्रत्यय आला तो असा, की तज्ज्ञाने निदानाचे फर्मान काढावे व पीडिताने ते मुकाट्याने शिरसावंद्य मानावे, या तत्कालीन रिवाजातून मन मोकळे होत नाही.

त्याच्या व्यक्तिकेंद्रित समुपदेशनाचा पाया हाच होय. समुपदेशकाने उपदेश वा निवाडा न करता, समोरच्याच्या अंतर्विश्वात समानुभूतीने प्रवेश करावा, त्याचा अट न घालता स्वीकार करावा आणि स्वतः कोणताही मुखवटा धारण करू नये. एवढे घडले तर परिवर्तनास ते पुरेसे आहे, असे त्याने १९५७ च्या निबंधात प्रतिपादिले. हा दावा अंमळ धाडसीच म्हटला पाहिजे, कारण विस्कॉन्सिन येथे छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगास बेताचेच यश आले. मात्र उपचारसंवादांचे ध्वनिमुद्रण करून, १९४२ मध्ये एका संपूर्ण उपचाराचा शब्दशः वृत्तांत प्रसिद्ध करण्याचे त्याचे कार्य निर्विवाद महत्त्वाचे आहे. बंद दाराआडची ही विद्या त्यामुळे संशोधनास खुली झाली. उत्तरायुष्यात त्याने दक्षिण आफ्रिका व सोव्हिएट रशिया येथे समूहसंवाद घडवून आणले.