आईच्या नावाचे नाणे : प्रस्तावना

रोमन नाणकशास्त्राकडे नव्याने वळणाऱ्याने सुरुवात सेस्टर्शियसपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. सोन्याचांदीची नाणी लहान असतात. सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाच्या या भारदस्त नाण्यावर ठसा कोरणाऱ्याला मोकळेपणाने काम करता येई. धातू तांबे-जस्ताचा, म्हणजे खरे तर पितळच. पण कालांतराने काळपट-हिरवे झालेले हे नाणे सर्रास ब्राँझचे म्हटले जाते. अशा चार नाण्यांचा चांदीचा एक देनारियस होई.

सम्राट कॅलिग्युलाने (इ.स. ३७–४१) आपल्या दिवंगत आईसाठी, थोरल्या अग्रिपिनासाठी, पाडलेला सेस्टर्शियस समोर ठेवू. दर्शनी बाजूला तिचा उजवीकडे पाहणारा चेहरा आहे. भोवतीचा लेख सांगतो : अग्रिपिना, मार्कसची कन्या, गाइयस सीझर ऑगस्टसची (म्हणजे कॅलिग्युलाची) माता. मागच्या बाजूला दोन खेचरांची छत असलेली गाडी, आणि सिनेट व रोमन जनतेच्या वतीने ‘अग्रिपिनाच्या स्मृतीस’ अशी अक्षरे. कॅलिग्युलाने आईच्या स्मरणार्थ खेळ सुरू केले आणि मिरवणुकीत तिची प्रतिमा अशाच गाडीतून नेण्याची प्रथा घातली, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो.

आता लेखात काय नाही ते पाहा. पती जर्मॅनिकस रोमचा लाडका सेनानी, पण त्याचे नाव नाही. पहिले सम्राट ऑगस्टसही तिचे आजोबा म्हणून येत नाहीत. वडील आणि मुलगा, एवढीच ओळख. कॅलिग्युलाच्या आधीचा सम्राट तिबेरियस याने तिला पांडातेरिया बेटावर हद्दपार केले, तिथे इ.स. ३३ मध्ये तिचा उपासमारीने अंत झाला, याचाही मागमूस नाही. तिचा जन्मदिवस अशुभ दिवसांत गणावा, असे तिबेरियसने सुचवले होते. चारच वर्षांनी सत्तेवर आलेला मुलगा स्वतः बेटावर जाऊन अस्थी घेऊन आला, त्या ऑगस्टसच्या समाधीत ठेवल्या, आणि आईचा चेहरा थेट बाजारात, रोजच्या देवघेवीत आणला. या कृतीतले मातृप्रेम मला खरे वाटते, आणि सत्तेचा हिशेबही तितकाच खरा वाटतो : ऑगस्टसचे रक्त त्याच्यात आईकडूनच आले होते.

पुढचा सम्राट क्लॉडियस हा तिचा दीर. त्यानेही तिची प्रतिमा नाण्यावर घेतली, मात्र मागची गाडी काढून तिथे स्वतःची नावबिरुदे घातली. ही दोन नाणी शेजारी ठेवली की राजवट बदलताना आठवणीचा मालक कसा बदलतो, ते लख्ख दिसते.

ग्रंथांच्या पानांत चित्र म्हणून नाणी चिकटवण्याची सवय मात्र सोडायला हवी. सुएटोनियसने लिहिले ते कितीतरी दशकांनंतर. हे नाणे त्या घटनांच्या वेळचे आहे. म्हणून आधी नाणे वाचा, मग ग्रंथ उघडा. आणि असे नाणे कधी हाती आले, तर ते कडेने धरा व चकाकी आणण्यासाठी घासू नका. त्या हिरव्या थराबरोबर अक्षरेही जातात.