स्नायूंतील अग्नि

ज्या वस्तूवांचून आपण घटकाभरही जगूं शकत नाहीं, तीच वस्तु आपणांस हळूहळू जाळीत असावी, ही शंका नवी नव्हे. इ. स. १७७४ मध्यें जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञानें पाऱ्याच्या तांबड्या भस्मापासून प्राणवायु वेगळा केला. त्या वायूंत मेणबत्ती भराभर जळून जाते हें पाहून त्याच्या मनांत आलें कीं, शुद्ध प्राणवायूंत राहणाऱ्या मनुष्याचें आयुष्यही असेंच लवकर सरेल. पुढें इ. स. १७९० च्या सुमारास फ्रान्समध्यें लाव्हाझिये यानें आपला सहकारी सेगँ याच्यावर प्रयोग केले. पायानें वजन हलवीत असतां सेगँला विश्रांतीच्या मानानें पुष्कळच अधिक प्राणवायु लागे. श्वसन हें मंद ज्वलन असून श्रमाबरोबर तें वाढतें, हा सिद्धांत अशा रीतीनें स्थिर झाला. इ. स. १७९४ मध्यें राज्यक्रांतीनें लाव्हाझियेचा शिरच्छेद केला. प्रश्न मात्र उरला. ज्वलन वाढत असेल, तर व्यायाम करणारा मनुष्य स्वतःस जाळून घेतो काय?

विसाव्या शतकानें या भयास नांव दिलें. इ. स. १९५४ मध्यें रिबेका गर्शमन व त्यांचे सहकारी यांनीं प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशीं मुक्त मूलकें आहेत, असें प्रतिपादन केलें. ज्यांतील एखादा इलेक्ट्रॉन जोडीवांचून राहिला आहे अशीं हीं अस्थिर द्रव्यें शेजारच्या पदार्थांपासून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. इ. स. १९५६ मध्यें डेनम हार्मन यांनीं वार्धक्याचें खापरही त्यांच्याच माथीं फोडलें. इ. स. १९८२ मध्यें कॅलिफोर्नियांतील केल्व्हिन डेव्हिस प्रभृति संशोधकांस, दमून जाईपर्यंत धांवविलेल्या उंदरांच्या स्नायूंत व यकृतांत मुक्त मूलकें दोन ते तीन पट वाढलेलीं आढळलीं. आरोपीस जणूं प्रत्यक्ष पुरावाच मिळाला!

परंतु दुसरी बाजूही पुढें आली होती. जॉन होलोझी यांनीं इ. स. १९६७ मध्यें दाखविलें कीं, कांहीं आठवडे नियमित धांवविलेल्या उंदरांच्या स्नायूंतील मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशींतील त्या सूक्ष्म भट्ट्यांची, प्राणवायु वापरण्याची शक्ति सुमारें दुप्पट होते. इ. स. १९६९ मध्यें मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनीं मुक्त मूलकांस निष्प्रभ करणारें एक एन्झाइम शरीरांतच असल्याचें सिद्ध केलें. आणि डेव्हिस प्रभृतींनींही आपल्या निबंधांत एक तर्क नोंदविला होता: हीं मूलकेंच कदाचित् स्नायूस नव्या भट्ट्या उभारण्याची सूचना देत असतील.

त्या तर्काकडे लोकांचें लक्ष गेलें नाहीं, गोळ्यांकडे गेलें. आम्हीही कित्येक वर्षें सकाळचें फिरणें आटोपतांच जीवनसत्त्वाची गोळी मोठ्या श्रद्धेनें घेत असूं. मग इ. स. २००९ मध्यें जर्मनींतील मिखाएल रिस्टो व त्यांचे सहकारी यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तरुण पुरुषांकडून त्यांनीं चार आठवडे व्यायाम करविला व कांहींना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिलें. ज्यांना गोळ्या दिल्या नव्हत्या, त्यांचें शरीर इन्सुलिनला अधिक दाद देऊं लागलें व त्यांच्या स्नायूंत संरक्षक एन्झाइमांची तयारी वाढली. गोळ्या घेणारांस हा लाभ झाला नाहीं. पुढील सर्वच प्रयोगांचा निर्णय इतका स्पष्ट नाहीं. तथापि जाळ विझवितांना आपण निरोप्यासच गप्प करीत होतों, हें मानणें भाग पडतें.

सारांश, भेद अग्नीचा नसून मात्रेचा आहे. मध्यम श्रमानें उठणारी ठिणगी स्नायूस सावध करते. शक्तीबाहेरील श्रमानें तीच वणवा होते. बलवानानेंही अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, असें वाग्भटानें 'अष्टांगहृदया'त सांगून ठेवलें आहे. म्हणून त्यास मुक्त मूलकें ठाऊक होतीं, असा अभिमान कोणीं बाळगूं नये. त्यानें केवळ माणसें नीट पाहिलीं होतीं. आमची गोळी आतां सुटली आहे. फिरणें मात्र चालूच आहे.