घराच्या फेरबदलाला परवानगी : एका नियमाची जन्मकथा

'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगून गेले. त्या काळी कुटुंब वाढले की परसात खोली निघे, माडीवर माडी चढे. पुढे या मोकळिकीवर बंधन आले. त्याचे कारण मुंबईच्या इतिहासात सापडते.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने नव्या बांधकामाप्रमाणेच जुन्या घरातील फेरबदलाचीही आगाऊ सूचना आयुक्तांना देणे आवश्यक ठरविले. तथापि वस्ती दाटतच गेली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. काळोख्या, कोंदट खोल्यांकडे तेव्हा सर्वांचे लक्ष गेले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, समुद्राचा वारा दाट वस्तीत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड आखले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. त्याचा सोपा अर्थ असा, की समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निदान निम्मे अंतर खिडकीपुढे मोकळे हवे. एकाने चढविलेला मजला दुसऱ्याचा उजेड हिरावतो, हे या नियमाचे मर्म होय.

१९१५ मध्ये मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा झाला. पुढे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. त्याच्या कलम ४४ अन्वये विकासकामासाठी अर्ज करावा लागतो. केवळ आतील भागापुरत्या दुरुस्तीला कलम ४३ मध्ये सवलत आहे. वारसा इमारतींना मात्र ती नाही. अर्जावर ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास, काम नियमांना धरून असेल तर परवानगी मिळाली असे समजले जाते. विनापरवाना काम पाडून टाकण्याची नोटीस कलम ५३ खाली निघते. मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू झाली.

बापाने परवानगीवाचून चढविलेला मजला मुलाच्या हाती वाद म्हणून येतो. म्हणून खरेदीखतासोबत मंजूर नकाशाही जपून ठेवावा. शेजाऱ्याच्या उजेडाचा हक्क मान्य केल्याची ती लेखी खूण आहे.