टिंब की 'डी'? केंब्रिजच्या तीन विद्यार्थ्यांची कथा

विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात भल्याभल्यांना घाम फोडणारा एक विषय आहे. तो म्हणजे अवकल समीकरणे, अर्थात डिफरन्शिअल इक्वेशन्स. नाव जड असले तरी मूळ कल्पना साधी आहे. कपातला चहा निवत जातो. चहा आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितका फरक अधिक, तितका निवण्याचा वेग अधिक. अशा बदलाच्या वेगावरून मूळ राशी शोधून काढणे, हेच या समीकरणांचे काम.

हे गणित सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये न्यूटनने आणि जर्मन गणितज्ञ लायब्निट्सने स्वतंत्रपणे उभे केले. न्यूटन बदलाचा वेग दाखवण्यासाठी अक्षराच्या डोक्यावर टिंब देई, तर लायब्निट्स 'डी' हे अक्षर वापरी. आधी शोध कोणाचा, यावरून मोठे भांडण झाले. इंग्रज गणितज्ञ अभिमानाने टिंबालाच चिकटून राहिले. इकडे ऑयलर, लाग्रांज, लाप्लास यांनी 'डी'च्या भाषेत हे शास्त्र कितीतरी पुढे नेले. परिणाम असा झाला की, खुद्द न्यूटनच्या केंब्रिज विद्यापीठातील विद्यार्थ्यांना फ्रान्समधले नवे गणित वाचणे अवघड होऊन बसले.

1810 साली चार्ल्स बॅबेज हा तरुण तेथील ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. घरी त्याने बरेच वाचन केले होते. लाक्रवा या फ्रेंच लेखकाचा ग्रंथ त्याने तब्बल 7 गिनी मोजून विकत घेतला. त्यातील शंका घेऊन तो शिक्षकांकडे गेला, तेव्हा काय उत्तर मिळाले? हे परीक्षेत विचारीत नाहीत, प्राथमिक भागाकडे लक्ष द्या! 1864 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे नमूद केले आहे. पालकहो, हे उत्तर आपल्या ओळखीचे वाटत नाही काय?

बॅबेज निराश होऊन बसला नाही. 1812 मध्ये त्याने जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक आदी मित्रांसह 'अॅनालिटिकल सोसायटी' स्थापन केली. इंग्रजीत 'डॉट' म्हणजे टिंब आणि 'डोटेज' म्हणजे म्हातारचळ. विद्यापीठाच्या या 'डॉट-एज'विरुद्ध आपण 'डी'चा पक्ष घेतला आहे, अशी कोटी बॅबेजने केली. पण ही मंडळी केवळ थट्टा करून थांबली नाहीत. 1813 च्या परीक्षेत हर्शेल पहिला आणि पीकॉक दुसरा आला. 1816 मध्ये तिघांनी लाक्रवाच्या लहान पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर छापले. 1820 मध्ये सरावासाठी उदाहरणांचे संग्रहही काढले.

तरीही खरी किल्ली परीक्षेत होती, कारण जे परीक्षेत येते तेच मुले वाचतात. 1817 साली पीकॉक परीक्षक झाला आणि त्याने आपल्या प्रश्नांत 'डी'चे चिन्ह वापरले. सहपरीक्षकाने मात्र टिंब सोडले नाही. 1819 मध्ये पीकॉक पुन्हा परीक्षक झाला, आणि त्यानंतर नवी पद्धत रुजली. ज्या परीक्षेची सबब सांगून शंका टाळल्या गेल्या, तीच परीक्षा सुधारणेचे साधन बनली.

पुढे 1899 साली आपल्या कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच परीक्षेत संयुक्तपणे सीनियर रँग्लर झाले. त्यांच्या काळापर्यंत 'डी' ही केंब्रिजची रोजची भाषा होऊन गेली होती.

आणि बॅबेज? 1814 मध्ये तो ऑनर्सविना पदवीधर झाला. पण त्याच बॅबेजने पुढे गणनयंत्रांचे आराखडे आखले आणि 1828 साली न्यूटनचे प्राध्यापकपद त्याच्याकडे आले.

म्हणून विद्यार्थ्यांनो, विषय कठीण वाटला तर प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर चार मित्र जमवा, पुस्तक मिळवा, उदाहरणे सोडवा. आणि पालकहो, मुलाने परीक्षेबाहेरचे काही विचारले तर त्याला गप्प बसवू नका. ती शंकाच त्याच्या खऱ्या शिक्षणाची सुरुवात असू शकते.